फुकट पेटंट-शोधाची चार संकेतस्थळं, एका छत्रीवर घासून पाहिलेली

नवं काही सुचलं आणि खिशात फारसं काही नाही, अशा वेळी पहिला खर्च बहुतेक जण चुकीच्या जागी करतात. कुणी नाव आणि लोगो करून घेतो, कुणी साचाच टाकतो, कुणी पेटंट वकिलाकडे जाऊन "ही कल्पना आधी कुणी मांडली आहे का, शोध घ्या" म्हणत आगाऊ पैसे मोजून मोकळा होतो. खरं तर शोधाचा मोठा भाग घरबसल्या, फुकट आणि बऱ्यापैकी नीट होतो. गुगल पेटंट्स, एस्पेसनेट, पेटंटस्कोप आणि द लेन्स या चार संकेतस्थळांवर तो कसा होतो, कुठे फसतो, आणि हाती आलेल्या कागदांचं पुढे काय करायचं, ते इथे पाहू.

कसोटीला एकच कल्पना घेतली आहे: वाऱ्यात न उलटणारी छत्री. कापडाचे दोन थर, मधे फट, आणि फटीवर रबरी पट्टीनं ओढून धरलेली झडप. खालून वारा शिरला की झडप उघडते, झोत ओसरला की मिटते आणि पाऊस आत येत नाही. क्षेत्र मुद्दाम गजबजलेलं निवडलं आहे. सॅम्युअल फॉक्स यांनी १८५२मध्ये पोलादी काड्यांची छत्री आणली, आणि तेव्हापासून छत्रीला काहीतरी जोडणाऱ्यांची रांग संपलेली नाही. इथे जे साधन टिकेल ते इतर कुठल्याही घरगुती वस्तूच्या शोधात टिकेल.

गुगल पेटंट्स: सुरुवातीला उत्तम, निकालाला नाही

२००६मध्ये सुरू झालं तेव्हा यात फक्त अमेरिकेची पेटंटं होती. आता शंभराहून जास्त पेटंट कार्यालयांचे दस्तऐवज यात आहेत आणि परभाषेतल्या बऱ्याच मजकुराचं यांत्रिक इंग्रजी भाषांतरही शोधात येतं. वेग आणि सोपेपणा यांत बाकीचे तिघं याच्या जवळपास येत नाहीत. डावीकडच्या चौकटीत शब्द टाका, तारखेच्या रकान्यात "प्रायॉरिटी" (पहिल्या अर्जाची तारीख) निवडा, एकाच कुटुंबातली (म्हणजे एकाच कल्पनेची, वेगवेगळ्या देशांतली) पेटंटं एकत्र दाखवण्याची सोय चालू ठेवा, आणि दहा मिनिटांत कल्पनेचा अंदाज येतो.

फसगत होते ती शब्दांवर. पेटंट लिहिणारा माणूस "वाऱ्यात उलटणारी छत्री" असं सरळ लिहीत नाही. कुणी "इन्व्हर्जन" लिहितो, कुणी "एव्हर्जन", कुणी "टर्निंग इनसाइड आउट". झडपेला "व्हॉल्व्ह" म्हणतील, "फ्लॅप" म्हणतील, "व्हेंट" म्हणतील, किंवा "हवा जाऊ देणारा मोकळा भाग" असं अघळपघळ वर्णन करून ठेवतील. चिनी दस्तऐवजांची आणखी वेगळी गंमत आहे. छत्रीच्या काडीला चिनीत जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ "छत्रीचं हाड", आणि यांत्रिक भाषांतर कधी "रिब" देतं, कधी चक्क "अंब्रेला बोन". नुसतं "रिब" शोधणाऱ्याला यातले कितीतरी दस्तऐवज दिसतच नाहीत.

म्हणून शब्द शोधपेटीत टाकण्याआधी कागदावर उतरवावेत. कल्पनेचे तीन-चार भाग पाडा (कापडाचा थर, झडप, परत ओढणारी पट्टी, वारा) आणि प्रत्येक भागासाठी किमान पाच पर्यायी शब्द लिहा. मग एका भागाचे सगळे शब्द "किंवा"नं जोडा आणि वेगवेगळे भाग "आणि"नं. "नियर/५" असं मधे टाकलं की दोन शब्द पाच शब्दांच्या अंतरात असलेलेच निकाल येतात. "व्हेंट" आणि "कॅनपी" (छत्रीचं कापड) यांना असं जवळ आणलं की नुसत्या "छत्री आणि व्हेंट" या शोधातला पाचोळा बराच कमी होतो.

एक जवळचा दस्तऐवज सापडला की शब्दांचा नाद सोडावा आणि त्याच पानावर खाली जावं. तिथे तीन याद्या असतात: या पेटंटनं कुणाचा उल्लेख केला, याचा उल्लेख पुढे कुणी केला, आणि यंत्राला यासारखे वाटलेले दस्तऐवज. खरा शोध इथेच लागतो. मागे जात मूळ गाठा, पुढे येत ताजं गाठा. तीन-चार चांगल्या दस्तऐवजांवरून अशी ये-जा केली आणि तेच ते क्रमांक परत परत दिसू लागले, की त्या वाटेवरचं महत्त्वाचं बहुतेक सापडलं असं समजायला हरकत नाही.

आता दोष. पानाच्या वरच्या बाजूला दिसणारी "ॲक्टिव्ह" किंवा "एक्स्पायर्ड" ही स्थिती हा केवळ अंदाज आहे, कायदेशीर निष्कर्ष नाही, असं ते संकेतस्थळ स्वतःच सांगतं. तरीही लोक त्या एका शब्दावर विसंबून माल बनवायला घेतात. फी न भरल्यामुळे रद्द झालेलं पेटंट काही मुदतीत परत जिवंत करता येतं, आणि एका देशात मेलेलं पेटंट दुसऱ्या देशात खुशाल चालू असतं. जुन्या छापील दस्तऐवजांचा मजकूर यंत्रानं वाचलेला असतो, त्यात अक्षरांची खिचडी असते, त्यामुळे शब्दशोधात ते निसटतात. तेव्हा गुगल पेटंट्सनं "काही सापडलं नाही" म्हटलं, तर अर्थ इतकाच की या शब्दांनी सापडलं नाही.

एस्पेसनेट: या चौघांतलं खरं कामाचं

युरोपीय पेटंट कार्यालयाचं हे संकेतस्थळ १९९८पासून चालू आहे. १५ कोटींहून जास्त दस्तऐवज, सगळ्यात जुने १७८२पर्यंत मागे जाणारे. दिसायला रुक्ष, शिकायला दोन संध्याकाळी. पण बजेट तुटपुंजं असेल तर त्या दोन संध्याकाळी दिल्याच पाहिजेत, कारण शब्दांच्या जंजाळातून सुटायची वाट इथे आहे: वर्गीकरण.

प्रत्येक पेटंटला पेटंट कार्यालयातले परीक्षक वर्ग देतात. वस्तूला कुणी काहीही नाव दिलेलं असो, चिनीत लिहिलेलं असो की जर्मनमध्ये, वर्ग तोच राहतो. युरोप आणि अमेरिका यांची सामायिक वर्गीकरणपद्धत २०१३पासून लागू आहे आणि तिच्यात अडीच लाखांच्या घरात वर्ग आहेत. छत्र्या आणि काठ्या ए४५बीमध्ये येतात. छत्रीचे सुटे तपशील ए४५बी २५मध्ये, आणि वाऱ्याला तोंड देण्याची क्षमता वाढवणाऱ्या युक्त्यांसाठी तर स्वतंत्र खणच आहे: ए४५बी २५/२२. आपल्या कल्पनेचे बहुतेक भाऊबंद तिथे एकाच जागी सापडतात. (टाकताना अर्थातच रोमन अक्षरं आणि आकडे.)

वर्ग शोधायला पाठांतर लागत नाही. गुगलवर सापडलेल्या सगळ्यात जवळच्या दोन-तीन दस्तऐवजांवर कोणते वर्ग छापलेत ते टिपून घ्या, मग एस्पेसनेटच्या वर्गीकरण विभागात त्या प्रत्येकाची व्याख्या वाचा. शेजारचे वर्गही वाचा, कारण आपली वस्तू दोन खणांत पडू शकते. झडपेची यंत्रणा हीच आपली खरी नवी गोष्ट असेल तर तंबू, पडदे, हवा खेळती ठेवणारी झाकणं अशा लांबच्या वर्गांतही डोकावायला हवं. परीक्षक डोकावतात. छत्रीवाल्याला तंबूतलं माहीत नव्हतं, ही सबब तिथे फारशी चालत नाही.

नुसता वर्ग टाकला तर हजारोंनी निकाल येतील. म्हणून वर्ग आणि एकच शब्द अशी जोडी लावावी: ए४५बी २५/२२ आणि "इलॅस्टिक". मग "स्प्रिंग". मग "मॅग्नेट". प्रत्येक वेळी निकाल पाहता येण्याइतके कमी होतात. वरचा मोठा वर्ग टाकून पोटवर्गही हवे असतील तर आकड्यापुढे तिरकी रेघ देऊन "लो" लिहितात. शीर्षकं वाचत बसू नका. "छत्री", "सुधारित छत्री", "छत्रीची रचना" अशीच सगळ्यांची शीर्षकं. आकृत्यांचं दृश्य चालू करा आणि फक्त चित्रं पाहत जा. छत्रीची आकृती दोन सेकंदांत कळते, गोषवारा वाचायला मिनिट जातं. शंभर वर्षांपूर्वीच्या, शब्दशोधात न येणाऱ्या कागदांपर्यंत पोचायला वर्ग आणि चित्र हाच एक रस्ता आहे, आणि झडपेच्या छत्रीसारखी कल्पना नेमकी तिथेच निघण्याची भीती असते.

एस्पेसनेटची दुसरी जमेची बाजू म्हणजे पेटंटचं कुटुंब. एकच कल्पना कोणकोणत्या देशांत दाखल झाली ते एका नजरेत दिसतं, आणि कायदेशीर घडामोडींच्या नोंदींत फी भरल्याच्या-थकल्याच्या तारखाही बऱ्याच देशांसाठी मिळतात. आपल्याला ज्या बाजारात विकायचं आहे तिथे त्या कुटुंबातलं कुणी आहे का, एवढंच पाहायचं असतं. पेटंट हा त्या-त्या देशापुरता हक्क. ज्या देशात दाखलच झालं नाही तिथे ते कुणाला अडवू शकत नाही. मात्र तो कागद तुमचं नावीन्य जगभर संपवू शकतो. हा फरक इतक्या जणांना कळत नाही की त्यावर थोडं थांबायलाच हवं.

दोन प्रश्न, दोन वेगळे शोध

"पेटंट मिळेल का?" आणि "विकता येईल का?" हे प्रश्न वेगळे आहेत. पहिल्यासाठी जगातला कुठलाही जुना कागद, मेलेलं पेटंट, मासिकातला लेख, जाहिरातीचा व्हिडिओ, सगळं मोजलं जातं. दुसऱ्यासाठी फक्त जिवंत पेटंटं, फक्त तुमच्या बाजारातली, आणि त्यांतले फक्त दावे, म्हणजे हक्क नेमका कशावर आहे ते सांगणारी शेवटची वाक्यं.

समजा एका चालू पेटंटचा पहिला दावा असा आहे: दांडा, दांड्याला जोडलेल्या काड्या, कापडाचे वरचा आणि खालचा असे दोन थर, थरांमधली फट, आणि फट बंद ठेवणारं चुंबक. आपल्या छत्रीत चुंबक नाही, रबरी पट्टी आहे. दाव्यातला प्रत्येक घटक आपल्या वस्तूत असेल तरच साधारणतः उल्लंघन होतं, आणि इथे एक घटक नाही. पण घाईनं आनंदी होऊ नये. पट्टी चुंबकाचंच काम त्याच पद्धतीनं करते, म्हणून ती समतुल्य, असं म्हणायची सोय अनेक देशांच्या कायद्यात आहे. शिवाय त्याच पेटंटच्या दुसऱ्या एखाद्या स्वतंत्र (इतर दाव्यांवर न विसंबणाऱ्या) दाव्यात "चुंबक"ऐवजी "परत ओढणारं साधन" असं सैल लिहिलेलं असू शकतं. म्हणून एक तक्ता करा: डाव्या रकान्यात दाव्याचे घटक एकेक ओळीत, उजवीकडे आपल्या वस्तूत ते आहे की नाही आणि कुठे. प्रत्येक स्वतंत्र दाव्यासाठी वेगळा तक्ता. गोषवारा आणि चित्रं यावरून हा निर्णय करायचा नाही. चित्रात जे दिसतं ते सगळं हक्कात असतंच असं नाही.

क्रमांकाच्या शेवटी असलेलं अक्षरही पाहा. "ए" म्हणजे हल्ली बहुतेक ठिकाणी नुसता प्रसिद्ध झालेला अर्ज, त्याचे दावे पुढे बरेच आकसू शकतात. "बी" म्हणजे बहुतेक ठिकाणी मंजूर पेटंट. "यू" दिसलं तर युटिलिटी मॉडेल, छोट्या मुदतीचा हक्क. चिनी छत्र्यांचा ढीग मुख्यतः या "यू"चा आहे. ते अनेकदा पूर्ण तपासणीशिवाय नोंदले गेलेले असतात आणि लवकर संपतातही, पण पहिल्या प्रश्नासाठी तुमच्या नावीन्याला मारायला पुरेसे.

मुदत संपलेल्या पेटंटांबद्दल सगळे हळहळतात, "अरेरे, आधीच झालंय". कमी पैशात वस्तू बाजारात आणणाऱ्यासाठी ती उलट चांगली बातमी असू शकते. पेटंटचं आयुष्य अर्ज केल्यापासून २० वर्षं. ते उलटलं की त्यातली यंत्रणा, मापं, आकृत्या सगळं कुणालाही वापरायला मोकळं. झडपेची सांधेजोड नव्यानं शोधत बसण्यापेक्षा संपलेल्या पेटंटातून उचलावी आणि आपला नवेपणा कुठे आहे तेवढ्यावरच अर्ज करावा.

पेटंटस्कोप: दुर्लक्षित, पण एका गोष्टीसाठी अनमोल

जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं हे संकेतस्थळ. पीसीटी (एकाच अर्जानं अनेक देशांत वाट खुली ठेवणारा पेटंट सहकार्य करार) या करारानुसार आलेले आंतरराष्ट्रीय अर्ज इथे दर गुरुवारी प्रसिद्ध होतात. शोधपेटी ठीकठाक आहे. एक शब्द टाकला की त्याचे समानार्थी आणि इतर भाषांतले प्रतिशब्द जोडून शोधणारी सोय मात्र चांगली आहे, वर सांगितलेल्या "हाडां"च्या भानगडीवर तिचा थोडा उतारा पडतो.

इथे यायचं ते मुख्यतः "डॉक्युमेंट्स" या खणासाठी. आपल्यासारख्याच एखाद्या अर्जाच्या पानावर जा आणि तिथला आंतरराष्ट्रीय शोध-अहवाल आणि परीक्षकाचं लेखी मत उघडा. दुसऱ्या कुणीतरी फी भरली, प्रशिक्षित परीक्षकानं शोध घेतला, आणि त्याचा निकाल तुमच्यापुढे फुकट पडला आहे. अहवालात सापडलेल्या प्रत्येक कागदापुढे अक्षर असतं. "एक्स" म्हणजे हा एकटाच कागद दावा पाडायला पुरेसा. "वाय" म्हणजे दुसऱ्या कागदाशी जोडला तर पाडतो. "ए" म्हणजे नुसती पार्श्वभूमी. लेखी मतात परीक्षक सांगतो की अमुक कागदातली झडप आणि तमुक कागदातली पट्टी एकत्र करणं या क्षेत्रातल्या माणसाला सहज सुचलं असतं. हीच तक्रार उद्या तुमच्या अर्जावर येणार आहे. ती आजच वाचून अर्ज लिहिला तर परीक्षकाशी होणाऱ्या पत्रव्यवहाराची एखादी फेरी वाचते, आणि वकिलाचं बिल फेऱ्यांवरच वाढतं.

द लेन्स

ऑस्ट्रेलियातल्या कॅम्बिया या ना-नफा संस्थेचं काम. पेटंटं आणि शोधनिबंध एकाच ठिकाणी शोधता येतात आणि कोणत्या निबंधाचा उल्लेख कोणत्या पेटंटात झाला ते दिसतं. जीवशास्त्र, औषधं, नवे पदार्थ यांत काम करणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. छत्रीसाठी फारसा उपयोग नाही. याद्या साठवून ठेवायला आणि तक्त्यात उतरवून घ्यायला मात्र सोयीचं.

जिथे चारही आंधळी

अर्ज दाखल झाल्यावर साधारण १८ महिने गुप्त असतो. म्हणजे गेल्या दीड वर्षात कुणी काय दाखल केलं ते सगळं जगातलं कुठलंच संकेतस्थळ दाखवू शकत नाही, पैसे घेणारंही नाही. "शंभर टक्के शोध" विकणाऱ्याला हा एकच प्रश्न विचारून पाहावा. उपाय एवढाच की शोध एकदा करून थांबायचं नाही. पहिल्या अर्जाआधी एकदा, आणि १२ महिन्यांच्या मुदतीआधी (इतर देशांत अर्ज करण्याची ही मुदत, ती पुढे येते) तोच शोध त्याच शब्दांनी परत एकदा. त्यासाठी पहिल्या दिवसापासून वही ठेवा: तारीख, संकेतस्थळ, नेमका टाकलेला शोध, किती निकाल, त्यातले उघडले किती, जवळचे क्रमांक कोणते आणि का. ही वही वकिलापुढे ठेवली की त्याचे तास वाचतात.

दुसरी आंधळी जागा म्हणजे पेटंट न घेता विकल्या जाणाऱ्या वस्तू. यासाठी ऑनलाइन दुकानं, चित्रावरून चित्र शोधणारी साधनं आणि व्हिडिओ पालथे घालावे लागतात. सापडलेल्या पानाची तारीख विश्वासाची नसेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर ते पान पहिल्यांदा कधी टिपलं गेलं ते बघा. परीक्षकही तिथे बघतात. बाह्य आकारासाठी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची डिझाइनची वेगळी यादी आणि युरोपीय "डिझाइनव्ह्यू" आहे. नावासाठी "टीएमव्ह्यू" आणि त्याच संघटनेची ब्रँडची यादी, जिच्यात लोगोचं चित्र टाकूनही शोधता येतं. नाव छापून झाल्यावर हा शोध घेणारेच जास्त भेटतात.

आणि हल्ली चॅटबॉटला विचारायची सवय लागली आहे. पर्यायी शब्द सुचवायला तो चांगला. पेटंट क्रमांक मागितले तर कधीकधी अस्सल वाटणारे, पण दुसऱ्याच वस्तूचे किंवा अस्तित्वातच नसलेले क्रमांक देतो. दिलेला प्रत्येक क्रमांक एस्पेसनेटवर उघडून पाहा. अर्ज होण्याआधी संपूर्ण वर्णन तिथे चिकटवू नये, हे वेगळं सांगायला नको.

पैसे घेणाऱ्या सेवांबद्दल

"कल्पना पाठवा, आम्ही पेटंट करून कंपन्यांना विकून देतो" असं सांगणाऱ्या सेवा जवळपास सगळीकडे आहेत. त्यांचा ठसा ओळखू येतो: पहिलं मूल्यमापन स्वस्त आणि नेहमीच कौतुकाचं, मग चकचकीत अहवाल, मग मोठा हप्ता. हाती अनेकदा येतं ते डिझाइनची नोंद किंवा इतका अरुंद दावा, की एक खिळा बदलून कुणीही पळवाट काढेल. अमेरिकेत १९९९च्या कायद्यानं अशा सेवांना करार करण्यापूर्वी लेखी सांगावं लागतं: गेल्या पाच वर्षांत किती कल्पना तपासल्या, त्यांतल्या किती चांगल्या ठरवल्या, ग्राहक किती, आणि त्यांतल्या किती जणांना खर्च वजा जाता नफा झाला. तुमच्याकडे असा कायदा असो-नसो, हे चार आकडे लेखी मागा. टाळाटाळ झाली तर उठावं.

पैसे द्यायचे ते दावे लिहिणाऱ्याला. शोध स्वतः करता येतो, आकृत्या स्वतः काढता येतात, वर्णनाचा कच्चा मसुदाही होतो. दावे मात्र बोलीभाषेतल्या समजुतीवर लिहिण्याची गोष्ट नाही. "रबरी पट्टी" लिहिलं की स्प्रिंगवाला सुटला. "परत ओढणारं कोणतंही साधन" लिहिलं की परीक्षक जुन्या चार पेटंटांकडे बोट दाखवतो. या दोन टोकांमधली ओळ शोधण्यासाठीच तज्ज्ञ लागतो, आणि तुमची वही व तक्ते त्याच्यापुढे असतील तर ती ओळ त्याला कमी वेळात सापडते.

शोधापासून बाजारापर्यंत

पहिला अर्ज दाखल झाला की घड्याळ सुरू. १८८३च्या पॅरिस करारानुसार पेटंटला १२ महिने मिळतात, त्या काळात इतर देशांत गेलात तर पहिलीच तारीख धरली जाते. डिझाइन आणि ट्रेडमार्कला फक्त ६ महिने. १२व्या महिन्यात पीसीटी अर्ज केला तर बहुतेक देशांतला मोठा खर्च ३०व्या महिन्यापर्यंत पुढे ढकलता येतो. मधे, साधारण १६व्या महिन्याच्या आसपास, शोध-अहवाल येतो. त्यात "एक्स"च "एक्स" असतील तर देशोदेशीची फी भरायच्या आत थांबता येतं. प्रसिद्धीची तांत्रिक तयारी पूर्ण होण्याआधी अर्ज मागे घेतला तर तो छापलाच जात नाही आणि कल्पना गुप्त राहते.

ज्या देशांत तात्पुरत्या अर्जाची सोय आहे तिथे लोक दोन पानं खरडून तारीख पटकावतात आणि निश्चिंत होतात. इथे फार मोठी चूक होते. पहिल्या तारखेचा लाभ पहिल्या अर्जात लिहिलेल्यालाच मिळतो. तिथे फक्त रबरी पट्टी असेल आणि आठव्या महिन्यात स्प्रिंग सुचून नव्या अर्जात घातली, तर स्प्रिंगला आठव्या महिन्याची तारीख. म्हणून पहिल्याच अर्जात पट्टी, स्प्रिंग, चुंबक, कापडाच्याच ताणानं मिटणारी झडप, थरांतलं अंतर किती ते किती, झडपा काडीगणिक की एकाआड एक, हे सगळं आकृत्यांसह घालावं. पुढे गाळता येतं, वाढवता येत नाही.

प्रदर्शनात मांडणं, समाजमाध्यमावर व्हिडिओ टाकणं, गर्दीतून निधी उभारण्याचं पान उघडणं ही सगळी जाहीर प्रसिद्धी आहे. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया स्वतःच्या प्रसिद्धीला १२ महिन्यांची सवलत देतात. युरोपात पेटंटसाठी अशी सर्वसाधारण सवलत नाही, डिझाइनला मात्र आहे. म्हणजे व्हिडिओ आधी आणि अर्ज नंतर झाला, तर युरोपचं पेटंट त्या दिवशीच गेलं. गुप्ततेच्या करारावर सही करून दाखवलेला नमुना या हिशेबात येत नाही, सही न करता दाखवलेला येऊ शकतो.

किकस्टार्टरसारख्या ठिकाणी हार्डवेअरचा चालता नमुना दाखवावा लागतो, संगणकानं रंगवलेली खरी वाटणारी चित्रं चालत नाहीत. तेव्हा नमुना आणि अर्ज दोन्ही पान उघडण्याआधी तयार हवेत. व्हिडिओत झडप उघडताना जरूर दाखवा, ती कशी बसवली आहे ते जवळून दाखवायची गरज नाही. नक्कल करणारे व्हिडिओ थांबवून थांबवून बघतात, आणि तुमचा पहिला माल निघायच्या आत त्यांचा दुकानात लागलेला असू शकतो. अर्ज प्रलंबित असताना त्यांना न्यायालयात खेचता येत नाही, पेटंट मंजूर व्हावं लागतं, त्यामुळे पहिल्या वर्षात नाव, डिझाइनची नोंद आणि माल वेळेवर पोचवणं याच गोष्टी जास्त कामाच्या ठरतात.

पान उघडायच्या आदल्या आठवड्यात वहीतले जवळचे सगळे क्रमांक परत उघडायचे. या वेळी एस्पेसनेट नाही, गुगल तर नाहीच. ज्या देशात माल जाणार त्या देशाच्या कार्यालयाची स्वतःची नोंदवही उघडा आणि शेवटची वार्षिक फी भरली आहे का, पेटंट दुसऱ्या कंपनीच्या नावावर गेलं आहे का, ते बघा. जो अर्ज वर्षभरापूर्वी "ए" होता तो मधल्या काळात "बी" झालेला असू शकतो, आणि चुंबकाच्या जागी त्याच्या दाव्यात आता काय लिहिलं आहे ते पुन्हा ओळ न् ओळ वाचावं लागतं.